वसुधाताईची खिडकीकडे वळवलेली खुर्ची

भाचीचा, इराचा फोन आला तेव्हा मी बुओना व्हिस्टाच्या फूड कोर्टमध्ये जेवणाच्या रांगेत होतो. "मामा, आईचं प्लेन पडलं. शी इज इन हॉस्पिटल, जोहोर साईड." इराला टॅक्सीत घेतलं आणि निघालो. शनिवारची दुपार. सिंगापूरहून मलेशियातल्या जोहोरला जाणाऱ्या वुडलँड्सच्या पुलावर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. पलीकडचा किनारा समोर दिसत होता, आणि आम्ही नुसते बसून होतो. इराने माझा हात धरला होता. पूल ओलांडायच्या आतच हॉस्पिटलमधून फोन आला... त्यानंतर घाई करण्यासारखं काही उरलंच नाही.

वसुधाताई माझी मोठी बहीण. नाशिकला शाळेत असताना डोक्यावरून विमान गेलं की ती अंगणात धावायची आणि ते दिसेनासं होईपर्यंत आत यायची नाही. बारावीनंतर तिने बाबांना वैमानिक व्हायचंय म्हणून सांगितलं. बाबा रागावले नाहीत, फक्त हसले. ते हसणं तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण पुन्हा तिने विषय काढला नाही. ती सीए झाली, लग्न करून सिंगापूरला आली, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर पोचली. दाजी अचानक गेले तेव्हा इरा लहान होती. पुढची सगळी वर्षं ऑफिस आणि इरा यांतच गेली. इरा युनिव्हर्सिटीत गेली आणि एका रविवारी माझ्याकडे पोहे खाता खाता ताई म्हणाली, "बाळ्या, मी विमान शिकायला लागलेय. पलीकडे, मलेशियात." बाबांसारखं हसू नये एवढं भान मला राहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मात्र लोक विचारत, "या वयात कशाला हे?" ती म्हणे, "त्या वयात कुठे जमलं?"

अपघातानंतर तेच लोक भेटायला आले. कुणी उघड बोललं नाही, पण सूर कळत होता. वय झालेलं, हात थरथरला असेल, काहीतरी चुकलं असेल. इरा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. काही आठवड्यांनी चौकशीतून कळलं, की धावपट्टीजवळच्या इंधनाच्या साठ्यात झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी गेलं होतं. उड्डाणाआधी विमानाच्या टाकीतलं थोडं इंधन काढून उजेडात धरून बघायचं असतं. ताईने ते बघितलं होतं, तिच्या प्रशिक्षकानेही बघितलं होतं. स्वच्छ होतं. पाणी टाकीच्या कोपऱ्यात अडकून राहिलं होतं. विमानाने नाक वर केलं तसं ते सरकलं आणि इंजिन बंद पडलं. कळलं ते बरंच झालं, पण जिला ते ऐकून बरं वाटलं असतं ती नव्हती.

प्रशिक्षक फैझल वाचला. हात गळ्यात बांधलेला, अशा अवस्थेत तो पूल ओलांडून आम्हाला भेटायला आला. पुढ्यातला चहा त्याने बाजूला सारला. मग सांगायला लागला. इंजिन थांबल्यावर विमानाचा ताबा त्याने घेतला. खाली सगळीकडे पामची झाडं, उतरायला जागा नाही. त्या विमानाला दार एकच, त्याच्या बाजूला. जमिनीवर आदळल्यावर दार अडकू नये म्हणून ते आधीच उघडायचं असतं, पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले. ताईने इंधन बंद केलं, त्याच्या अंगावरून वाकून दार मोकळं केलं. डावा पंख झाडावर आदळला, तिच्या बाजूचा. त्याच दारातून लोकांनी फैझलला बाहेर ओढलं.

"ती सारखं एक नाव घेत होती," तो इंग्रजीत म्हणाला. "दार, दार. कोण आहे ही व्यक्ती? तिला सांगायला हवं."

 इराच म्हणाली, "इट मीन्स डोअर."

फैझलने मान खाली घातली आणि एवढा मोठा माणूस आमच्यासमोर रडला.

मला राहून राहून वाटतं, विशीत उडायला मिळालं असतं तर तिचं सगळं आयुष्यच वेगळं झालं असतं. मग ती त्या शनिवारी त्या विमानात नसतीही. असला हिशेब करून काही हाती लागत नाही, तरी मन करतच राहतं.

परवा ताईच्या फ्लॅटवर गेलो. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ताई तिच्यात डोळे मिटून बसायची, म्हणे, आणि हवेत हात फिरवत विमान चालवण्याची एकेक कृती मोठ्याने घोकायची. समोर फक्त पलीकडच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे. जेवायला बसताना सवयीने मी ती खुर्ची टेबलाकडे वळवायला गेलो.

"डोन्ट टर्न इट लाह, मामा," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "आईला ती तशीच लागते."

मी हात काढून घेतला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसलो.