दिवसा कुठलं पाणी?

“साथ आटोक्यात आलीय. फाईल बंद करा,” आमचे मेडिकल ऑफिसर म्हणाले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भोकरदन तालुक्यात मी आरोग्य सहाय्यक होतो. केदारखेड्याच्या आसपास तीन गावांत गॅस्ट्रो, म्हणजे हगवण-उलट्यांची साथ आली होती. तिन्ही गावांच्या विहिरींत आम्ही टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकून मोकळे झालो होतो.

“सर, आली कुठून ते कळलं नाही.”

“कळून काय करणार? पेशंट घरी गेले ना?”

चौथ्या दिवशी नवे पेशंट आले. त्यांत शांताबाई नावाच्या एका बाईंची सून होती, पाच महिन्यांची गरोदर. सलाईन लावलेलं, डोळे खोल गेलेले. मला धडकीच भरली आणि राग निघाला तो सासूवर. “पाणी उकळून प्या म्हणून किती वेळा सांगायचं?”

“उकळूनच पितो की, साहेब,” शांताबाई म्हणाल्या. “पण घरी असतो किती वेळ? दिवसभर क्रॉसिंगला जाऊन राह्यलो ना आम्ही.”

क्रॉसिंग म्हणजे सरकीच्या बियाण्यासाठी एका कपाशीच्या फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला हाताने लावायचं काम. माझ्या फॉर्मवर गाव होतं, घर होतं, गावची विहीर होती. दिवसा पाणी कुठलं पिता, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. आता विचारलं. बहुतेक सगळे भाऊराव नावाच्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर, म्हणजे बियाण्याच्या शेतावर, कामाला जाणारे निघाले.

मी तिथे पोचलो तसे भाऊराव हादरले. “साहेब, फुलं काही थांबत न्हाईत. प्लॉट बंद झाला तं माझं सालच गेलं. माझं नाव नका लावू.”

“नाव नको मला. पाणी दाखवा.”

त्यांनी बिलकुल आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना जालन्याच्या लॅबमधून चांगला आला. “झालं समाधान?” मेडिकल ऑफिसरांनी विचारलं. झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लॉटवर जाऊन नुसता बसलो. गड्याने बांधापलीकडच्या चिखलात पडलेला रबरी पाईप उचलला आणि तसाच पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडला. बायामाणसं परसाकडेला जायची ती त्याच बांधापलीकडे.

प्लॉट बंद करावा लागला नाही. ड्रम घासला, पाईप नवा आणून खुंटीला टांगला, परसाकडेचा आडोसा लांब नेला. आठवड्यात नवे पेशंट थांबले. सून बरी झाली, पुढे बाळंतपणही सुखरूप झालं.

पुढच्या साली भाऊराव सरबताच्या बाटलीत पाणी घेऊन आरोग्य केंद्रात हजर. “उद्यापासून बाया येऊन राह्यल्या. आधी हे तपासा, मंग काम.”

लॅबला निर्जंतुक बाटली लागते, तसली चालत नाही. तरी मला भरून आलं. आदल्या साली त्यांनी दार लावून घेतलं असतं, तर मी काय करणार होतो?

शांताबाईंचे उपकार तर मोठेच. मी रागावलो होतो, तरी त्यांनी नीट उत्तर दिलं. रिटायर होईपर्यंत प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात मी पेनने एक ओळ वाढवत आलो: दिवसा पाणी कुठलं? छापील फॉर्मवर ती अजूनही नाही.