आफ्राचा राजहात

घंटेचा दोर धरण्याआधी ती तळहातांवर फुंकर मारते, उन्हाळ्यातही. मेणबत्ती तोंडाने विझवत नाही, वात चिमटीत धरते. मुळ्याच्या चकत्यांना मीठ लावून त्यांना पाणी सुटेपर्यंत हात आवरून बसते. कोणी रस्त्यात हाक मारली तर उत्तर देण्याआधी अर्धं पाऊल मागे सरकते. खानावळीत दाराजवळच्या बाकावर बसते, आणि कोट काढत नाही. कोट काढला की माणूस मुक्कामाला आल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं.

आफ्रा लिंडमोझर फिल्स नदीकाठच्या गावात चर्चची सेवेकरीण होती. दार उघडायचं, वेदीवरची फुलं बदलायची, घंटा वाजवायची, दार लावायचं. वय साठीच्या अलीकडे. लग्न का केलं नाही, हे विचारून विचारून गाव कंटाळलं होतं. सगळे तिला ओळखत. पण संध्याकाळी उशीर झाला तर ‘आफ्रा अजून कशी आली नाही’ असं म्हणणारं कुठेच कोणी नव्हतं.

रोझलच्या खानावळीत शेगडीजवळचं टेबल पत्तेवाल्यांचं होतं. चार खुर्च्या, चार माणसं. त्यांच्याशिवाय तिथे कोणी बसत नसे. खुद्द बिशप आला असता तरी रोझलने त्याला खिडकीपाशी बसवलं असतं. दर गुरुवारी दुपारची जेवणं उरकली की चौघं शाफकोप्फचा डाव मांडत. वसंतात बार्टल मुलीकडे रेगेन्सबुर्गला राहायला गेला आणि एक खुर्ची रिकामी झाली. उरलेले तिघं नुसतेच बिअर पीत बसू लागले. रोझलने सांगून टाकलं, “जत्रेपर्यंत चौथा आणा. नाहीतर टेबल नेमबाजी मंडळाच्या पोरांना देते. ती निदान जेवतात तरी.”

आफ्रा दाराजवळ सूप पीत होती. तिने वाडग्यातून मान वर न काढता विचारलं, “मी चालेन का?”

तिघांनी वळून पाहिलं. किलियन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि टेबलावर सगळ्यात जास्त बोलायचा. तो म्हणाला, “तुला डुकरीण तरी ओळखता येते का?”

“गोठ्यातली येते.”

वेंडल न्हावी हसला. त्या खेळात एक्क्याला डुकरीण म्हणतात. क्विरीन हसला नाही. तो निवृत्त खाटीक, टेबलावरचा वडीलधारा. मांस आणि शब्द दोन्ही तोलून देणारा, अशी त्याची ख्याती.

“शिक आणि ये,” तो म्हणाला. “फोनवर शिक, माझा जावई तसाच शिकला. पण पैसे लावून शिक. फुकट शिकलेला माणूस पानं कचऱ्यासारखी टाकतो.”

आफ्राने हिवाळी बुटांसाठी ठेवलेले पैसे फोनमधल्या त्या खेळात भरले. नाव विचारलं तेव्हा ‘मेणबत्ती’ लिहिलं. आणि मग तिची अक्कल जी गुंग झाली, ती पुरती ताळ्यावर कधी आलीच नाही.

बत्तीस पानं, प्रत्येकाला आठ. रंग चार: बलूत, पान, बदाम आणि घुंगरू. चार ओबर आणि चार उंटर, म्हणजे राजाखालची चित्रपानं, हे कायमचे हुकूम. त्यांच्या खालोखाल सगळी बदामं, तीही हुकूमच. इथपर्यंत ठीक. पण पुढे ज्याला खेळ घ्यायचा तो एका रंगाच्या डुकरिणीला हाक मारतो. ती डुकरीण ज्याच्या हातात, तो त्याचा जोडीदार. आणि त्या जोडीदाराने तोंड उघडायचं नसतं. पानं पडत जातात तसं कळतं, कोण कोणाच्या बाजूचा.

म्हणजे आपलं माणूस आहे, पण ते कोण ते माहीत नाही. आफ्राला हे उमगेना. देव कोणाच्या बाजूने आहे हेही तसं माहीत नसतंच. पण तिथे डोक्यावर घड्याळ नसतं. इथे नावाभोवती एक हिरवं कडं होतं, ते बघता बघता आवळत जायचं. विचार करता करता वेळ संपायची आणि यंत्र तिच्या वतीने भलतंच पान टाकून मोकळं व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात तिने आपल्याच जोडीदाराची डुकरीण हुकूम टाकून मारली. ‘काळा मुळा’ नावाच्या कोणीतरी खाली लिहिलं, “अरे मेणबत्त्या, मी तुझ्याच बाजूने आहे.” तिने लिहिलं, “माफ करा, मला सांगितलं नव्हतं.” त्यावर तिघंही हसले. हसले म्हणजे पडद्यावर पिवळी तोंडं उमटली. ती तोंडं प्रेमाने हसत होती की टर उडवत होती, हे तिला ओळखता आलं नाही.

ती हरत गेली. मग कमी हरू लागली. उन्हाळा सरेपर्यंत हिशोब जागेवर आला. फुलं बदलता बदलता ती पुटपुटायची, “पानाचा ओबर, घुंगराचा उंटर…” फादरनी एकदा विचारलं, ही कुठली प्रार्थना? ती म्हणाली, “चौथ्या खुर्चीची, फादर.”

आता राजहाताबद्दल सांगायला हवं. चारही ओबर आणि चारही उंटर एकाच माणसाच्या हातात आले तर तो राजहात. त्याला कोणी हरवूच शकत नाही. जन्मभर खेळणाऱ्यांच्याही वाट्याला तो येत नाही. रोझलच्या भिंतीवर एक होता, तिच्या आजेसासऱ्याच्या काळातला. काचेच्या चौकटीत आठ पानं, खाली ज्याला आला त्याचं नाव, आणि त्याखाली तिघा साक्षीदारांची. तिसरा साक्षीदार किलियनचा बाप. राजहातापुढे हरणं हाही मान होता. किलियन दारू चढली की ते नाव बोटाने दाखवायचा.

राजहात खेळायचा नसतो. ज्याला आला त्याने बोलायचं नाही. पानं उलगडून टेबलावर ठेवायची आणि हात मागे घ्यायचे. बाकीचे तिघं उभे राहतात, टोप्या काढतात, मालकिणीला हाक मारतात. ती पानं पुन्हा पिसली जात नाहीत. गावातल्या पोरांना हे येशूच्या जन्माच्या गोष्टीबरोबरच कळतं. आफ्रालाही तसंच कळलं होतं.

जत्रेच्या आदल्या मंगळवारी दुपारची घंटा वाजवून ती चर्चच्या मागच्या खोलीत आली. फादरांचे झगे टांगायचे होते. फोन कपाटाशेजारी चार्ज होत होता. तिने सहज एक डाव सुरू केला. आधी चार पानं आली, मग चार.

बलुताचा ओबर. पानाचा, बदामाचा, घुंगराचा. मग उंटर, त्याच क्रमाने. आठ चेहरे तिच्याकडे बघत होते.

तिने फोन टेबलावर उताणा ठेवला. हात मागे घेतले. ती उभी राहिली.

कोणी उठेल म्हणून ती थांबली. हे तिला नंतर आठवलं तेव्हा फार विचित्र वाटलं, पण त्या क्षणी ती खरोखर थांबली होती. कुठेतरी तीन माणसं खुर्च्या मागे सारताहेत, असं तिला वाटत होतं. खोलीत धुपाचा वास होता. हिरवं कडं आवळत गेलं. ती त्याच्याकडे बघत होती, पण हात लावायचा नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फोन थरथरला. ‘मेणबत्ती: पुढे.’ यंत्राने तिच्या वतीने डाव सोडला होता. ‘काळा मुळा: पुढे.’ ‘तिसरा घोट: पुढे.’ ‘चिडका बैल: पुढे.’ कोणीच खेळ घेतला नाही. पानं गोळा झाली, पिसली गेली. तिच्यापुढे नवी आठ आली. त्यात एक घुंगराची सत्ती होती, एवढंच तिला आठवतं.

“काय भिकार पानं होती,” तिसऱ्या घोटाने लिहिलं.

तिने लिहिलं, “माझ्याकडे राजहात होता.”

“माझ्याकडे काल पोप जेवायला होता,” चिडक्या बैलाने लिहिलं. पिवळी तोंडं उमटली.

तिने फोन बंद केला आणि झगे टांगले. एक उलटा टांगला गेला, तो रविवारी फादरांच्या लक्षात आला.

गुरुवारी ती खानावळीत गेली. दाराजवळ थांबली नाही. शेगडीपाशी गेली आणि कोट काढला. रोझलने तो खुंटीला लावला आणि तिच्यापुढे लिंबू घातलेली बिअर ठेवली.

खेळ सुरू झाला, आणि तिला कळेना की हा तोच खेळ आहे का. इथे कडं नव्हतं. पान टाकायला वेंडल एक अख्खा घोट घ्यायचा. इथे माणसांना चेहरे होते. किलियनकडे हाक मारलेली डुकरीण असली की तो छताकडे बघायचा, म्हणजे पहिल्याच हाताला सगळ्यांना कळायचं.

“तू छत रंगवायचा विचार करतोयस का?” तिने विचारलं.

वेंडलला हसता हसता ठसका लागला. “घ्या. फोनवर शिकून आली आणि तुझी पाठच धरली तिने.”

“पाठ नाही, मानगूट,” क्विरीन म्हणाला. त्या दुपारी तो पहिल्यांदा हसला. दोन-चार डावांनंतर त्याने मुळ्याची थाळी तिच्याकडे सरकवली. बार्टलची थाळी असायची त्या बाजूला. “रविवारी जत्रेला इथेच जेव,” तो म्हणाला. “तुझ्या जागेवर.”

वाटायची पाळी तिची होती. तिने पानं पिसली आणि प्रत्येकापुढे चार चार टाकली. मग बाकीची चार द्यायची, अशी रीत.

किलियनने आपली चार उचलून बघितली आणि सुस्कारा टाकला. भिंतीकडे मान वळवून म्हणाला, “आमच्या बापाचं नशीब. आम्ही मात्र सत्त्या मोजत मरणार. आता कोणाला येतोय राजहात?”

“मला आला होता,” आफ्रा म्हणाली. “मंगळवारी.”

तिने ते वेळ सांगावी तसं सांगितलं. वेंडलचा ग्लास ओठांपाशी थांबला.

“फोनवर?” किलियनने विचारलं.

“फोनवर. आठही. मी ठेवला आणि हात मागे घेतले.”

“आणि?”

“वेळ संपली. यंत्राने ‘पुढे’ म्हटलं. पानं परत गेली.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वेंडल अजून म्हणतो.

“बाकीचे काय म्हणाले?” क्विरीनने विचारलं.

“तेही ‘पुढे’ म्हणाले.”

“बघ ना,” किलियन घाईने म्हणाला, “कोणीच खेळ घेतला नाही, म्हणजे कोणाकडे काही नव्हतं. म्हणजे असू शकतो तिच्याकडे.”

“दर तिसऱ्या डावाला कोणाकडे काही नसतं,” वेंडल म्हणाला. “तुझ्याकडे तर कधीच नसतं.”

क्विरीन आफ्राकडे बघत होता. रागाने नाही. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा. “साक्षीदार?”

“होते तिघं,” आफ्रा म्हणाली. “पण त्यांना माहीत नाही.”

बाहेर कोणीतरी जत्रेचा मंडप ठोकत होतं. क्विरीनने आपली न बघितलेली चार पानं बोटाने सरळ केली. “आफ्रा, इथे माणूस वजनाबद्दल खोटं बोलला तर चालतं. बायकोबद्दल, माशांबद्दल चालतं. राजहाताबद्दल खोटं बोलून कोणी या टेबलावर बसलेलं नाही.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “तू नवी आहेस. पडदा एवढासा. बदामाचा राजा असेल, तुला ओबर वाटला असेल. तसं म्हण, आणि पुढची चार वाट.”

“म्हण गं,” किलियन म्हणाला. “मी पण एकदा डुकरीण समजून दश्शी टाकली होती.”

“एकदा?” वेंडल म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

त्यांनी दार उघडून धरलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ‘असेल बाई.’ आफ्राने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. बलूत, पान, बदाम, घुंगरू. बदामाचा होता तो ओबरच होता ना? पाहता पाहता तिला स्वतःचीच शंका आली. फोनने तर म्हटलंच होतं, मेणबत्ती पुढे. तो खोटं कशाला बोलेल? मग आपण उभे कशासाठी राहिलो होतो? कोणासाठी? खरं बोललं की माणूस सुटतो, असं ती रविवारच्या पोरांना शिकवत आली होती. हे असं का झालं, ते तिला कळेना. तिघांकडे बघितलं तर त्यांनाही कळत नव्हतं. किलियन छताकडे बघत होता.

“ओबरच होता,” ती म्हणाली. “चारही होते.”

क्विरीनने मान हलवली. होकार की नकार, ते वेंडल आणि किलियन दोघं दोन तऱ्हेने सांगतात.

“बरं,” तो म्हणाला. एवढंच.

आफ्राने हातातला गठ्ठा टेबलाच्या मधोमध ठेवला, उपडा, कडा जुळवून. खुंटीवरचा कोट घेतला. रोझल म्हणाली, “अगं, बिअर तरी संपव,” आणि ती म्हणाली, “येते,” आणि गेली.

तिघं बसून राहिले. पोरांनी मंडपाची शेवटची मेख ठोकली, दिवा लावायची वेळ झाली, तरी कोणी उठेना. रोझल फडकं घेऊन आली आणि टेबल न पुसताच परत गेली. चौघांच्या पुढ्यात चार चार पानं होती. आफ्राची चार तिच्या रिकाम्या खुर्चीपुढे पालथी पडली होती, अजून कोणी न बघितलेली, आणि मधल्या गठ्ठ्यातली उरलेली वाटायची राहिली होती.