मॅटाडोरमधली ऊब

भगवंतआबांच्या मॅटाडोरचं धुराडं मी पाडलं, हे आधीच कबूल करून टाकतो. दिवाळी तोंडावर आली होती. आकाशकंदील टांगायचा म्हणून सोसायटीची शिडी खांद्यावर आडवी घेऊन मी चाललो होतो. आबा त्यांच्या ओट्यावरून म्हणाले, "भाऊ, सांभाळून." आपली एवढी काळजी कोण करतंय हे बघायला मी वळलो. मी वळलो म्हणजे शिडीही वळली. तिचं मागचं टोक कशावर तरी बसलं, खणकन आवाज झाला आणि चार फुटी नळकांडं माझ्या पायाशी येऊन पडलं. त्याची पत्र्याची टोपी तेवढी गडगडत गटारापर्यंत गेली.

आता सुरतेत, त्यातही बमरोलीत, जिथे माणसं डिसेंबरातही पंखा दोनवर ठेवून झोपतात, तिथे उभ्या गाडीच्या कुशीतून धुराडं निघालेलं असेल अशी शंका कोणाला यावी? हा बचाव मी मनात घोळवत होतो. पण आबांनी तो मागितलाच नाही. त्यांनी नळकांडं उचललं, एक डोळा मिटून दुर्बिणीसारखं आरपार पाहिलं आणि म्हणाले, "वाकलं. रविवारी मोकळे असता ना?"

मोकळाच असायचो. बँकेनं मला सुरतेला टाकलं होतं आणि बायकोची शाळा सांगलीला होती. बदलीवर तिकडचं कोणी इकडे येत नव्हतं, इकडचं कोणी तिकडे जाऊ देत नव्हतं. त्यामुळे त्या वर्षीचे, म्हणजे प्लेगनंतर दोन वर्षांनी, शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं तेव्हाचे, माझे सगळे रविवार त्या धुराड्याच्या प्रायश्चित्तात गेले.

आबा म्हणजे पलीकडच्या भिंतीचे शेजारी. मूळचे अमळनेरकडचे. एका डाइंग मिलमध्ये एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट. भट्टीचं दार उघडून उघडून भुवया इतक्या विरळ झाल्या होत्या की माणूस कायम थोडा आश्चर्यचकित वाटे. घरात शिरले की आधी भिंतीवर, जिथे प्रेशरचा काटा असायला हवा, तिथे नजर जाई. तिथे कॅलेंडर असे. चहाचा ग्लास हातात आला की तोंडाला लावण्याआधी डोळ्यांसमोर धरत. मी एकदा घाईत अर्धाच दिला, तर म्हणाले, "पाणी उतरलंय." बॉयलरवाल्याला पाणी उतरणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपलं आणखी दूध घातलं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर काय हवं असावं? आबांना थंडी हवी होती. साधी नाही, तोंडातून वाफ निघेल अशी. मिलची वाफ त्यांनी एकतीस वर्षं काढली, आता स्वतःची बघायची होती. त्यासाठी मनालीच्याही वर, बर्फापर्यंत जायचं. मिलनं कापडाचे ताके वाहून थकलेली मॅटाडोर विकायला काढली तेव्हा आबांनीच ती घेतली. आत दोन्ही बाजूंना दोन फळ्या टाकून बिछाने केले, एक कपाट, पाण्याची टाकी, देवाचा फोटो. फरशीवरचा निळ्या रंगाचा डाग मात्र कशानंही गेला नाही. तो आबांनी चटईखाली घातला.

बिछाने दोन, कारण जायचं बायकोबरोबर, म्हणजे सुंदराकाकूंबरोबर होतं. आणि काकू जळगावला होत्या.

त्यांची मुलगी कमल जळगावला दिलेली. तिच्या बाळंतपणाला काकू तीन महिन्यांसाठी गेल्या. त्या तीन महिन्यांना आता तीन वर्षं होत आली होती. भांडण नव्हतं, काही नव्हतं. सणाला यायच्या, आठ दिवस राहायच्या, डबे घासून भरून ठेवायच्या आणि जायच्या. आबा डब्यांतलं संपेपर्यंत बरे असत. नंतर त्यांच्या घरातून कुकरची एकच शिट्टी ऐकू येई. एकट्याच्या भाताची शिट्टीसुद्धा अंग चोरून वाजते.

दर रविवारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आबा फोन करत. बर्फाचा बेत सांगितला तेव्हा काकूंना आधी गुडघे आठवले. थंडीत ते धरतात. लॉजवर त्या राहणार नाहीत, कोणाच्या पांघरुणात कोण झोपलेलं असतं देव जाणे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "गाडीमा ऊब ऱ्हाई ते मी येसू."

गाडीत ऊब असेल तर येईन. एवढ्या एका वाक्यावर आबांनी हीटर करायला घेतला होता. ते वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की अहिराणीत मला आजही तेवढं एकच बिनचूक येतं.

धुराड्याचाच हीटर कशाला, यावर मीही अक्कल पाजळली. विजेचा लावा म्हटलं. आबांनी गाडीच्या बॅटरीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, तासाभरात ही मेली तर सकाळी गाडीला धक्का कोण मारणार, काकू? घासलेटचा स्टोव्ह? वासानं काकूंचं डोकं चढतं. इंजिनाचं गरम पाणी नळीनं आत फिरवायचं, ही कल्पना त्यांची स्वतःची होती, करूनही पाहिली होती. झकास चालली होती, पण इंजिन चालू असेपर्यंतच. झोपताना इंजिन कोण चालू ठेवणार? मग मी सहज म्हटलं, आबा, कोळशाची शेगडी आत ठेवली तर? हातातला पाना त्यांनी खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की बंद जागेत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी आंघोळीला उठत नाहीत, त्यांना घातली जाते. त्यानंतर मी सल्ले देणं बंद केलं आणि टॉर्च धरणं सुरू केलं.

सगळं सोडून आबांनी तेच करायला घेतलं होतं जे त्यांना येत होतं. दुधाच्या कॅनएवढी एक भट्टी. तिला चारी बाजूंनी पाण्याचं कवच. तापलेलं पाणी तांब्याच्या नळीतून दोन्ही बिछान्यांखालून आपोआप फिरून यायचं. भट्टीला लागणारी हवा फरशीच्या भोकातून खालून, धूर धुराड्यातून बाहेर. आतल्या माणसाच्या श्वासाशी विस्तवाचा काही संबंध नाही. कवचात पाणी किती आहे हे दाखवायला बाजूला उभी काचेची नळी, तिच्यावर धोक्याच्या रेघेशी बांधलेला लाल दोरा. आणि समोर एक लाकडी स्टूल.

स्टूल कशाला, असं मी विचारलं. आबा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी बँकेत तिजोरीला कुलूप कशाला असं विचारलं असावं.

"अटेंडंट कुठे बसेल?"

म्हणजे असं की, विस्तव पेटलेला असताना बॉयलर एकटा सोडायचा नाही. पाळी संपली, भोंगा झाला, तरी बदलीचा माणूस येऊन काचेत पाणी बघून "घेतला" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा त्यांचा नियम. तो पंचवीस टनी बॉयलरला लागू आणि दुधाच्या कॅनलाही लागू. त्यामुळे हिमालयात आबा अर्धी रात्र जागणार होते, काकू अर्धी. आजवर जगात कोणी ऊब मिळावी म्हणून असा हीटर केला नसेल की ज्याच्यापायी घरातलं एक माणूस सतत बिछान्याबाहेर राहील. मी तसं म्हणालो. आबा म्हणाले, काकूंना सवय आहे. त्यांच्या रात्रपाळ्यांना काकू कधी झोपल्याच नाहीत. साड्यांना टिकल्या लावत दिव्याखाली बसायच्या. सकाळी सातला आबा गल्लीत शिरले की दिवा मालवायच्या. आबांना हे पुष्कळ वर्षं माहीतच नव्हतं. एकदा मिलमध्ये संप झाला आणि ते पहाटे तीनलाच परतले, तेव्हा कळलं.

नव्या धुराड्यासाठी मी चौकबाजार पालथा घातला. ते बसवायला तीन रविवार लागले. बाहेरून भोकाला पत्रा, मधे अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, आतून पुन्हा पत्रा. टोपी जुनीच, गटारातून आलेली. फेब्रुवारीत हीटर तयार झाला आणि पंचाईत अशी झाली की तो पारखायला सुरतेत थंडीच नव्हती.

मार्ग आबांच्या गावच्या सुकदेवनं काढला. तो कामरेजला बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर चालवायचा. बटाटे यायच्या आधी आठवडाभर खोल्या रिकाम्याच थंड करून ठेवतात. मालक लग्नाला गेले होते. रविवारी सकाळी दहाला आम्ही मॅटाडोर मागे घेत घेत एका रिकाम्या खोलीत घातली. धुराड्याला जोडनळी लावून तिचं टोक दाराच्या फटीतून बाहेर काढलं. बाहेर रस्त्यावर लोक उसाचा रस पीत होते. आत तीन डिग्री.

हीटर पेटवण्याआधी आबा गाडीतून खाली उतरले. खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि तोंड उघडून त्यांनी हळूच श्वास सोडला. वाफ निघाली. चांगली पांढरी, एखाद्या विताची. त्यांनी पुन्हा सोडली. मग डोकं तिरकं करून, व्हॉल्व्ह तपासावा तशी तिसऱ्यांदा. मी गाडीच्या दारात दात वाजवत उभा होतो, पण त्यांना मी दिसत नव्हतो.

"सुंदरानं बघायला पाहिजे हे," ते म्हणाले. आणि तोंड मिटून घेतलं. उरलेली तिच्यासाठी ठेवायची असावी तसं.

मग हीटर पेटला. पहिली पाळी आबांची, बारापासून माझी. मला त्यांनी स्टुलावर बसवलं, लाल दोरा दाखवला आणि माझ्याकडून "घेतला" असं वदवून घेतलं. स्वतः आडवे झाले. बिछान्याखालची नळी एव्हाना चांगली गरम झाली होती. मी काकूंच्या बिछान्यावरची गोधडी खांद्यावर घेतली. काचेतलं पाणी मी नीट बघत होतो. पाणी अगदी स्थिर होतं. इतकी स्थिर वस्तू माणसानं जेवणाच्या वेळी बघू नये.

जाग आली तेव्हा मी काकूंच्या बिछान्यावर होतो आणि गोधडी माझ्या हनुवटीपर्यंत ओढलेली होती. स्टुलावर आबा बसले होते, पाठमोरे. किती वाजले, मी विचारलं. "दोन," आबा म्हणाले. "बावीस डिग्री धरली. निघू या." बाकी काही बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस मनानं मोठा, विसरला असेल.

परतताना आम्ही थेट बूथवर थांबलो. मी काचेबाहेर उभा होतो, पण बॉयलरवर आयुष्य काढलेली माणसं फोनवर हळू बोलत नाहीत. "ऊब शे," आबा सांगत होते. "बावीस डिग्री. बटाट्यासना कोल्ड स्टोरेजमा पाहीसन उनू." म्हणजे ऊब आहे, तिथे पाहून आलो. मग काकू बोलत असाव्यात. मीटरवरचे लाल आकडे पळत राहिले. "हा," आबा म्हणाले. बऱ्याच वेळानं पुन्हा "हा." मग "बरं."

चालता चालता त्यांनी सांगितलं. कमलला पुन्हा दिवस गेलेत, ज्येष्ठात बाळंत होईल. पहिला अजून लहान आहे. काकू म्हणाल्या, आते कशी येऊ?

मला वाटलं आबा चिडतील. निदान थोडं तरी. ते म्हणाले, कमल झाली त्या रात्री बदलीचा माणूस आलाच नाही. सकाळी आला. तोपर्यंत पोरगी जन्मून तिचं तोंडही पुसून झालं होतं. सुंदरा तेव्हाही काही बोलली नाही. आता तिथे ती आहे, ते बरोबरच आहे.

यानंतर हीटर कधी काढणार, असं विचारायचा धीर मला झाला नाही. तो निघालाही नाही. बॉयलर पडून राहिला की गंजतो म्हणून दर रविवारी संध्याकाळी आबा तो पेटवायचे. एप्रिलच्या सुरतेत. गल्लीतली माणसं अंगणात खाटा टाकून वारा घालत असायची आणि त्या धुराड्यातून धुराची बारीक रेघ वर जात असायची. एकट्यानं गरम पाण्याची पिशवी घेऊन जा, म्हटलं मी. त्यांनी मान हलवली. पिशवीनं गाडीत ऊब होत नाही, आणि विस्तव पेटवून एकट्यानं झोपता येत नाही.

एका रविवारी मी गाडीत डोकावलो. आबा गंजिफ्रॉकवर स्टुलावर बसले होते, घामानं निथळत, नजर काचेवर. समोरच्या बिछान्यावर चादर ताणून घातलेली, पायाशी गोधडीची घडी. भट्टीपाशी चहाचे दोन ग्लास होते. एक रिकामा, एक पालथा.

मी दारातच टेकलो. सांगलीहून पत्र आलं होतं, बायकोला मे महिन्यात शाळेचं काम लागलं होतं, आणि माझी पंधरा दिवसांची रजा मंजूर होऊन पडली होती. मी म्हटलं, "आबा, मी येतो तुमच्याबरोबर. अर्धी रात्र तुम्ही, अर्धी मी."

आबांनी काचेवरची नजर काढली नाही.

"तुम्ही पाळीवर झोपता."