शनीचं लिंबू

माझ्या सासऱ्यांचे डोळे साठीच्या आत गेले, त्यांच्या थोरल्या भावाचे त्याही आधी. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं होतं, पण घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. घरात म्हणत, साडेसाती. शनीनं डोळे नेले. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे सांगण्यात आलं, दळण कुठे टाकायचं आणि दूधवाला किती वाजता येतो त्याच्या जोडीनं.

सांगणाऱ्या माझ्या नणंदबाई. ह्यांच्याहून मोठ्या, वडिलांचे डोळे गेल्यावर घराची सूत्रं हातात घेतलेल्या. आणि सांगितल्यावर ज्यांनी हसून पाणी पिताना ठसका लावून घेतला ते आमचे हे. हे तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. प्रयोगशाळेत सिद्ध न होणारी कुठलीही गोष्ट ह्यांच्या घशाखाली उतरत नसे. माझ्या हातची शेपूची भाजीसुद्धा. पत्रिकेचं नाव काढलं की म्हणत, "ज्या यादीत सूर्य-चंद्राला ग्रह म्हणतात आणि आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं नावच नाही, त्या यादीवर मी मुलगी पसंत केली नाही, तर डोळे काय सांभाळणार?"

मला हे ऐकायला आवडे. तरी ह्यांची पन्नाशी उलटली तशी जेवताना माझं लक्ष ह्यांच्या हाताकडे जाऊ लागलं. सासऱ्यांना मी ताटाच्या कडेवर बोटं फिरवून भात शोधताना पाहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक नवीन नाद लावून घेतला. रोज दिवेलागणीला मी वाळलेले कपडे काढायला नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जाई, तेव्हा हेही येत आणि ग्रहांची हजेरी घेत. शुक्र हजर. गुरू हजर. मंगळ रजेवर. एकेकाची ओळख करून देण्याची ह्यांची पद्धत स्थळ बघायला आलेल्या मुलाच्या मामासारखी, म्हणजे सगळे दोष आधी. शुक्र दिसायला देखणा, पण त्याच्यावर गंधकाच्या आम्लाचे ढग, "आमच्या प्लांटची शाखाच समज." बुधाला अंगावर घ्यायला हवेची धड चादर नाही; दिवसा भाजतो, रात्री गारठतो. मंगळ तापट म्हणून बदनाम, प्रत्यक्षात गंजलेली थंडगार माती. गुरू सगळ्यांत धिप्पाड, आणि त्याच्या अंगावर माणसांच्या कित्येक पिढ्यांपासून एक वादळ घोंघावतंय. युरेनस आडवा पडून फिरतो. नेपच्यून तर डोळ्यांना दिसायच्या आधी गणितात सापडला. आणि शनी? "शनी बिचारा तीस वर्षांत एक फेरी मारतो. त्याला माझ्या डोळ्यांत बोटं घालायला वेळ कुठे?"

त्या वर्षी नणंदबाई द्रोणागिरीच्या त्यांच्या घरून आल्या त्या तेलाची बाटली घेऊनच. ह्यांची रास मीन, साडेसाती ऐन भरात. "शनिवारी तेल वाहा. आणि डोळे दाखवून ये रे एकदा. बाबांचं असंच झालं होतं."

दुसरं वाक्य लाखमोलाचं होतं. पण ते पहिल्याच्या पाठोपाठ आलं, तिथेच घात झाला. मी मागे लागले की हे म्हणत, "आत्ता डोळे दाखवले तर ताईला वाटेल मी शनीला घाबरलो. साडेसाती उतरू दे, मग जाऊ." शनीला न मानणारा हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला शनी उतरायची वाट बघत होता! भिंतीवर डोकं आपटावं असं मला वाटे.

मग बारीकसारीक काहीतरी सुरू झालं. एकेक गोष्ट घेतली तर काहीच नाही. डाव्या हाताशी ठेवलेला चहा गार होऊन जाई आणि हे विचारत, "चहा टाकलास का?" दाराची चौकट खांद्याला लागू लागली. शेजारच्या वहिनी एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना राग आलाय का आमचा? शेजारून जाते तरी ओळख दाखवत नाहीत." ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "विचारात असेन." पेपर मात्र चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचत. वाचणाऱ्या माणसाचे डोळे गेलेत असं कोण म्हणेल?

एका संध्याकाळी गच्चीवरून चंद्र सुरेख दिसत होता, आणि त्याच्या डावीकडे वीतभर अंतरावर गुरू. मला, कपड्यांच्या ढिगाआडून, दिसला. हे चंद्राकडे बघत म्हणाले, "आज गुरू गैरहजर."

"अहो, तो काय, चंद्राच्या डावीकडे!"

हे बघत राहिले. मान जराशी वळवली, परत आणली. मग म्हणाले, "तळोज्याचा धूर आहे. वारा इकडचा आहे ना आज."

धुराचं खोटं नव्हतं, वास येतच होता. पण धूर एकट्या गुरूला कसा झाकेल? कपड्यांच्या घड्या करायच्या सोडून मी तशीच उभी राहिले. मला भीती वाटली, आणि हे खाली उतरताना शेवटची पायरी चुकले तेव्हा ती जास्तच वाढली.

पुढच्या रविवारी ह्यांनी सोसायटीतल्या मंडळींसाठी 'ग्रहांची ओळख' नावाची फेरी काढली. सगळी सूर्यमाला माझ्या स्वयंपाकघरातून निघाली. सूर्य म्हणजे माझी कणकेची परात, ती फाटकावर टांगली. बुध मोहरीचा दाणा, मंगळ जरा टपोरी मोहरी, शुक्र आणि पृथ्वी दोन मिरी. गुरू एक लिंबू, शनी त्याहून थोडं लहान लिंबू, आणि शनीच्या कड्यासाठी माझी हिरवी बांगडी. युरेनस आणि नेपच्यून गोट्या. मग त्याच मापानं अंतरं चालत जायचं. बुध वॉचमनच्या खुर्चीपाशी. दुधाच्या दुकानाशी पृथ्वीची मिरी तळहातावर धरून हे म्हणाले, "आता मागे वळून परात बघा. आकाशातला सूर्य एवढाच दिसतो." सगळ्यांनी बघितलं आणि वा म्हटलं. ह्यांनाही परात स्वच्छ दिसली. माझी शंका तेवढ्यापुरती मागे पडली, उगाच मनाला लावून घेतलं असं वाटलं.

गुरू बागेच्या कोपऱ्यावर ठेवला आणि आम्ही चौकात आलो. शनीची जागा तिथे. फुटपाथवर फळांच्या गाड्या लागलेल्या, म्हणून ह्यांनी लिंबू रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि त्याभोवती बांगडी नीट बसवली.

चौकात लिंबू, त्याला हिरवी बांगडी. दिवेलागणीची वेळ. मी बघितलं आणि चमकले. विज्ञानाच्या नादात ह्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, की हे दिसायला थेट कोणीतरी उतरवून टाकलेल्या उताऱ्यासारखं दिसतंय. एक बाई पदर सावरून लांबून वळसा घालून गेल्या. आमच्यातलेच दोघे दोन पावलं मागे सरकले. मी म्हणाले, "अहो, ते उचला. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? शनी म्हणतील!" हे हसले, आणि परात किती दूर राहिली ते दाखवायला हात लांब करून दोन पावलं रस्त्यात गेले.

ह्यांच्या डावीकडून एक स्कूटर येत होती. चालवणारा तिशीतला, मागे त्याची बायको. लिंबू बघून ती किंचाळली, "लिंबू, लिंबू!" आणि त्यानं गाडी झटकन बाजूला काढली, ह्यांच्याच अंगावर. आम्ही सगळे ओरडलो. हे आमच्याकडेच बघत होते, हसत, हात तसाच लांब. स्कूटर अगदी हाताशी येईपर्यंत ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तो हसरा चेहरा मला अजून दिसतो.

हे पडले, कोपर सोलवटलं. स्कूटरवाला गाडी टाकून धावत आला. "काका, उतारा व्हता रस्त्यात, म्हनून गाडी काढली. पन तुमी समोरच बगत होता ना? आमी येतांव ते दिसलाच नाय तुमाला?"

लिंबू तिथेच होतं, बांगडी फुटली होती.

हाताचा फोटो काढायला दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मीच म्हटलं, जरा डोळेही बघा. त्या ह्यांच्यासमोर बसल्या, एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाल्या, "काका, फक्त माझ्या नाकाकडे बघा. माझं बोट दिसलं की सांगा." आणि कानाच्या बाजूनं बोट हलवत हळूहळू पुढे आणू लागल्या. बोट कानापासून गालापर्यंत आलं. मला ते दारातून दिसत होतं.

हे शांतपणे म्हणाले, "कुठलं बोट?"

पुढच्या तपासण्या मोठ्या डॉक्टरांकडे झाल्या. कडेची नजर गेलेली होती, दोन्ही डोळ्यांची. मधली तेवढी राहिली होती, नळीतून बघितल्यासारखी. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं ते म्हणाले. निघताना म्हणाले, "हे घराण्यात चालतं. सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही दाखवा." हे रिक्षात माझा हात घट्ट धरून बसले होते. मला ह्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं.

बातमी द्रोणागिरीला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी नणंदबाई आल्या. चौकातलं लिंबू कुठल्या ग्रहाचं होतं तेही त्यांना कळलेलं. बोलतील, खूप बोलतील, म्हणून मी कंबर कसून होते. पण त्या भावासमोर सोफ्यावर बसल्या, डोळ्यांत पाणी. "मी दर शनिवारी तुझ्या नावानं तेल वाहत होते रे," एवढंच म्हणाल्या.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. बोलता बोलता त्यांनी प्रसादाची पुडी काढायला पिशवीकडे हात नेला आणि तांब्या कलंडला. पाणी जमिनीवर पसरलं. त्या दचकल्या. "इथे कधी ठेवलास गं?"

त्यांच्या देखत ठेवला होता. मी पुसायचं फडकं तसंच हातात धरून त्यांच्यासमोर खाली बसले. मी म्हटलं, "ताई, जरा माझ्या नाकाकडे बघता? मान वळवायची नाही. माझं बोट दिसलं की सांगा." आणि हात त्यांच्या कानाशी नेला.

बोट कानापासून गालापर्यंत आणलं. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"कुठलं बोट गं?"

समोर बसलेल्या ह्यांना माझं बोट दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण ताईंचा प्रश्न ऐकू आला, आणि हे ताडकन उठून उभे राहिले.