गोधडीखालची बकरी

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आवाज जरा खाली आणतो. बकरीच्या पोटातली जंताची मादी वयात येते, तेव्हा तिच्या पेशी कोणत्या रेणूंमार्फत एकमेकींना निरोप धाडतात, हा तो विषय. पूर्वी मला विषयाची लाज वाटायची. आता वाटते ती निराळ्या गोष्टीची.

बकरी विण्याच्या सुमारास तिच्या पोटातले जंत एकाएकी जास्त अंडी घालू लागतात. ते कोणत्या रेणूंमुळे, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी जंताचं औषध कधीच न दिलेल्या बकऱ्या हव्या होत्या. पारोळ्याच्या पुढे, धुळे रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात, एकट्या राहणाऱ्या एका अक्काकडे तशा चार सापडल्या. दर रविवारी मी जळगावहून मोटरसायकलने जायचो आणि लेंड्या गोळा करायचो. कॉलेजातला माणूस लेंड्या वेचतो म्हणून गावाची करमणूक झाली. अक्का मात्र हसल्या नाहीत. माझी अटही त्यांनी मान्य केली: काम संपेपर्यंत औषध द्यायचं नाही.

चौघींतली एक गाभण होती. तिच्या लेंड्यांत अंडी सर्वांत जास्त. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. जंत रक्त पीत होते. मी वहीत लिहिलं, ‘संसर्ग उत्तम.’

मग अक्कांचा फोन आला. “भाऊ, बकरी चारा खात नई. दवाई देऊ का?”

“थोडं थांबा, अक्का.”

आठवड्याने पुन्हा. “भाऊ, जबडाखाले पानी उतरनं.” रक्त संपत आलं की तिथे अशी सूज येते.

“आता विणारच आहे ना? मग देऊ.”

तिसरा फोन आला तेव्हा मी एका चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत होतो. “भाऊ, ती उभी ऱ्हात नई.”

“रविवारी येतोच,” म्हणालो आणि ताट पुढे केलं. औषधाची बाटली माझ्याच कपाटात होती.

शुक्रवारी सकाळी चौथा फोन. “बकरी मरी गई, भाऊ. लवकर या, नई ते तुमना किडा मरी जातीन.”

नमुने गोठवायचा द्रव नायट्रोजनचा डबा मागे बांधून मी निघालो. त्या दिवशी गाडी जशी पळवली, तशी औषध घेऊन कधी पळवली नव्हती.

अंगणात बकरी गोधडी पांघरून झोपल्यासारखी पडली होती. “गारठामा किडा मरतस म्हने तुम्ही,” अक्का म्हणाल्या. मीच कधीतरी सांगितलं होतं. गोधडी त्यांच्या अंथरुणातली होती.

मी पोट फाडलं. गर्भाशयात दोन पिल्लं होती. पोटाच्या चौथ्या कप्प्यात जंत अजून वळवळत होते. प्रत्येक मादीच्या लाल आतड्याभोवती तिचे पांढरे बीजकोश पिळासारखे गुंडाळलेले. त्यातलं लाल म्हणजे बकरीचं रक्त. असा नमुना खाटकाकडे मिळत नाही. गाभण बकरी कोणी कापत नाही. मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

पदवी मिळाल्यावर कॉलेजने सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि त्याच जंताचा मोठा केलेला फोटो, सोनेरी चौकटीत. सर पेशींची कुजबुजसुद्धा ऐकतात, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. प्रबंधात मी सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्याचेही नावानिशी आभार मानले होते. अक्का ‘परिसरातील पशुपालक’ या दोन शब्दांत बसल्या होत्या.

सत्कारानंतरच्या रविवारी औषधाची बाटली घेऊन अक्कांकडे गेलो. वाटेत तीन-चार सबबी तयार केल्या होत्या. अंगणात पोचल्यावर एकही कामाची वाटेना.

“अक्का, तेव्हा औषध दिलं असतं तर ती वाचली असती.”

त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. “ते माले समजे, भाऊ. म्हनीसन तर तीनदाव फोन कया.”

मी बाटली पुढे केली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उरलेल्या तिघींतली एक ओढून आणली आणि तिचा जबडा उघडून धरला. “टाका.”

मी औषध ओतलं. बकरीने त्यातलं अर्धं माझ्या शर्टावर उडवलं.

“परत टाका,” अक्का म्हणाल्या.