मावशीचे उंदीर

अख्ख्या बोईसरात आमच्या उंदरांची खुशाली रोज विचारणारं एकच माणूस होतं, आमची मासेवाली मावशी. मी तारापूरच्या एका औषध कंपनीत संशोधनाचं काम करतो. कर्करोगावरच्या आमच्या नव्या औषधाने उंदरांच्या गाठी आटल्या, हे आनंदाच्या भरात मी तिला सांगून बसलो. तिच्या जिभेवर तेव्हा गाठ आली होती आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू होत्या. त्या दिवसापासून उंदीर तिचे नातलग झाले. पापलेट साफ करता करता भर बाजारात ओरडायची, "अरं घाटी, पोरं जेवली का?" एकदा तर सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन कंपनीच्या गेटवर हजर. रखवालदाराने अडवलं तर त्यालाच दम, "चूहा लोग का खाना हाय. हट!" जवळा अर्थातच आत गेला नाही. तो रखवालदाराच्या घरी शिजला आणि तेव्हापासून रखवालदार मावशीला सलाम ठोकू लागला.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बोंबील नीट सुकलाय का, हे मला कधी ओळखता आलं नाही. माझ्या पिशवीतला एक उचलून ती वाकवून बघायची आणि मला पोटभर हसायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मात्र ती हसली नाही. तिच्या अंगणात बसलो होतो. "एक बाटली आन माज्यासाठी. मी काय उंदरापेक्षा हलकी हाय?" माणसाला ते औषध सोसेल का, किती द्यायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून म्हणालो, "अजून तयार नाही, मावशी." ती वाळत टांगलेल्या बोंबलांकडे बघत म्हणाली, "अर्धा ओला बांधला तर सडतो. सुकू दे तुजा."

तिने मला सोडलं, पण मी सुटलो नाही. पुढे तिची वाचा गेली. भेटायला गेलो की नाकाखाली दोन बोटं फिरवून मिशा करायची: उंदीर कसे आहेत? "मजेत," मी म्हणायचो. चाचणी संपली की बऱ्या झालेल्या उंदरांनाही मारतात, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मावशी गेली. त्यानंतर बऱ्याच काळाने, परवा, पहिल्या रुग्णाला ते औषध दिलं गेलं. गुण येईल का, अजून कुणी सांगू शकत नाही. संध्याकाळी बाजारात गेलो. तिच्या जागी आता तिची सून बसते. "काय देऊ, भाऊ?" मी सुके बोंबील मागितले. त्यातला एक हातात घेऊन बराच वेळ वाकवत उभा राहिलो. नीट सुकलाय का, मला अजूनही कळत नाही.