मधात काच होती

यवतमाळच्या कापूस बाजारात मालाची प्रत ठरवणारे एक ग्रेडर माझ्या ओळखीचे आहेत. बोलण्याआधी ते हाती येईल ते दोन बोटांत चोळून पाहतात. माझ्या मुलीची लग्नपत्रिकाही त्यांनी आधी चोळली, मग वाचली.

मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात दुप्पट तिकीट काढलं, तर उघडण्याआधी तासभर आत सोडतात, हे कळल्यावर ते आठवडाभर विचारात होते. शेवटी म्हणाले, "लिलावाच्या पहिले गेलं तरच माल समजते." आणि गेले.

परतल्यावर मी विचारलं, "भाऊ, जास्तीचे पैसे वसूल झाले का?"

"तासभर एकच जुनं धोतर पाह्यलं. आजूबाजूले कोणी नाही." त्यांची बोटं हवेतच सूत चोळत होती. "पण मधात काच होती न. भाव कसा सांगू?"